बियाण्याचं फळ

अलिबागजवळच्या थळ गावातल्या वाडीत नारळ-पोफळी होते, केळ होते, तोंडली मांडव भरून लागते, पोफळीच्या अंगावर मिरवेल चढते. टोमॅटो मात्र जमिनीत लावला की टिकत नाही. रोप जोमानं वाढतं, फुलावर येतं आणि एखाद्या दुपारी शेंड्याकडची पानं मान टाकतात. पिवळी पडत नाहीत, हिरवीच असतात, म्हणून वाटतं की पाणी कमी पडलं असेल. पाणी घातलं तरी दुसऱ्या दिवशी खालचीही पानं लोंबू लागतात आणि बघता बघता उभं झाड हिरवंच्या हिरवं सुकतं. हा जिवाणूजन्य मर रोग. ओळखायची रीत सोपी आहे. बुंध्याजवळच्या खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरायचा. थोड्याच वेळात कापलेल्या तोंडातून पांढरट, दुधाळ धार पाण्यात उतरू लागते. ती धार म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत माजलेले जिवाणू. राल्स्टोनिया हे त्यांचं शास्त्रीय घराणं. ऊब, ओल आणि आम्लधर्मी माती त्यांना मानवते, आणि कोकणपट्टीत या तिन्ही गोष्टी भरपूर आहेत. वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा ही एका कुळातली सगळी पिकं त्यांना चालतात. एकदा जमिनीत शिरले की ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात.

म्हणून इथे टोमॅटो कुंडीत लावायचा. मुंबई-पुण्याच्या गच्चीवर कुंडी येते ती जमीन नसते म्हणून. थळला चारी बाजूंनी जमीन असते, तरी कुंडी लागते, कारण मुळांना निरोगी माती हवी. कुंडीतल्या मातीवर आपलं लक्ष राहतं, आणि एखादं झाड मेलंच तर ती कुंडी बाजूला काढता येते, शेजारची वाचते.

कुंडी म्हटलं तरी त्या सगळ्या विकतच्या असायला हव्यात असं नाही. थळ हे कोळ्यांचं गाव. बर्फात घातलेली मासळी ज्या पांढऱ्या थर्माकोलच्या खोक्यांतून बाजारात जाते, ती खोकी कोपरे फुटले की टाकून दिली जातात. गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन, तळाला भोकं पाडून त्यांत माती भरली की टोमॅटोला उत्तम घर होतं. थर्माकोल ऊन आत जाऊ देत नाही, त्यामुळे दुपारीही मुळं भाजत नाहीत. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मात्र ती भाजतात. उंच वाढणाऱ्या जातींना रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या बऱ्या. आधाराला पोफळीच्या खोडाच्या चिरलेल्या पट्ट्या रोवायच्या आणि त्यांवर फाटक्या जाळ्याचा तुकडा ताणायचा. नायलॉनचं जाळं पावसापाण्यात कुजत नाही. झाड त्यावर रेलतं, आणि फळं रंगू लागली की तेच जाळं पुढे ओढून घेतलं तर बुलबुलांपासून राखणही होते.

मातीसाठी मी वाडीतली माती घेत नाही. भाताच्या खाचरातली घेते. जी जमीन पावसाळाभर पाण्याखाली राहते तिच्यात या मर रोगाचा जोर कमी होतो. शिवाय मे महिन्यात ती माती ओली करून, पातळ थर पसरून, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून महिनाभर तापू द्यायची. नंतर त्यात तेवढंच जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि काथ्याचा धुतलेला भुसा घालायचा, थोडी निंबोळी पेंड. भुसा धुवावाच लागतो, कारण सोडणं भिजत घातलेल्या पाण्यात बहुतेकदा मीठ असतं. तिसऱ्या आणि कालवांच्या शिंपल्या भाजून, कुटून त्यांचा चुराही मी घालते. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो फळाला चुना न पोहोचल्यामुळे. पण शिंपल्यांतला चुना हळू सुटतो, एका हंगामात सगळं काम करत नाही. डाग टाळायचा खरा उपाय म्हणजे पाणी नेमानं देणं. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं झालं की चुना मातीत असूनही फळापर्यंत जात नाही.

खताच्या बाबतीत थळला राहून एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. बाहेरच्या माणसांना हे गाव ठाऊक असतं ते राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यामुळे. 1980च्या दशकात तो इथे उभा राहिला आणि इथला युरिया देशभरातल्या शेतांत जातो. युरियात 46 टक्के नत्र असतं. एकराच्या शेताला ते गोण्यांच्या हिशेबात लागतं, खोक्यातल्या टोमॅटोला चिमूटभरही जड जातं. नत्र जास्त झालं की झाड काळंभोर हिरवं होतं, पानं वळतात, फुलं गळतात. टोमॅटोला फुलावर आल्यानंतर पालाश हवं असतं, आणि ते चुलीच्या राखेतून, केळीच्या सालींतून मिळतं. मासळीचं धुवण आणि गूळ महिनाभर झाकून ठेवलं की जो रस्सा होतो तो भरपूर पाण्यात पातळ करून देता येतो. त्याचा वास दोन दिवस राहतो आणि मांजरं खोकी उकरतात, म्हणून वर झावळीचे तुकडे दाबून ठेवायचे.

हे सगळं करूनही वाडीत टोमॅटो होत नव्हता, कारण ऊन नव्हतं. नारळ-पोफळीखाली सावलीच असते आणि टोमॅटोला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन लागतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. त्या दुपारी इथल्या वाड्यांचं जे झालं ते इथल्या माणसांना सांगायला नको. पोफळी एकावर एक पडल्या, माड मुळासकट उपटले, आजोबांच्या हातची झाडं आडवी झाली. नवा माड धरायला वर्षं लागतात. त्या वादळानं आमच्या अंगणावरचं छत काढून नेलं आणि तिथे पहिल्यांदा ऊन पडलं. मोकळ्या झालेल्या जागेत नव्या माडांची रोपं लावली, आणि ती मोठी होईपर्यंतच्या काळासाठी मधल्या उन्हात ही खोकी मांडली. माड वाढतील तसं हे ऊन पुन्हा जाणार आहे. टोमॅटोला दिलेली जागा उसनी आहे.

हंगाम इथे एकच. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात करपा कुणालाच सोडत नाही. नवरात्राच्या सुमाराला बी टाकायचं, दिवाळीनंतर रोपं मोठ्या खोक्यांत हलवायची, म्हणजे फूल थंडीत येतं. रात्रीचा पारा वीसच्या आसपास किंवा खाली असला की फळ धरतं. मार्चमध्ये रात्री उबट होऊ लागल्या की परागांत जोर राहत नाही आणि फुलं देठाशी पिवळी होऊन गळतात. सकाळी मतलई वारा सुटलेला असतो तेव्हा फुलांचे घोस बोटानं हलकेच हलवायचे. दुपारी खारे वारे सुरू होतात. समोरच्या खांदेरी-उंदेरी बेटांकडून येणारा तो वारा पानांच्या कडा भाजतो, म्हणून खोकी कुंपणाच्या आडोशाला ठेवायची आणि संध्याकाळी पानांवरून गोडं पाणी फिरवायचं. हंगामाच्या शेवटी विहिरीचं पाणीही मचूळ लागतं. मिठाचा अंश थोडा वाढला की फळ लहान होतं पण गोडी आटून येते. फेब्रुवारीतला टोमॅटो डिसेंबरातल्यापेक्षा चवीला सरस असतो, याची मला खात्री आहे.

आता वाणांबद्दल. जुन्या वाणांच्या टोमॅटोचं वेड सध्या जगभर आहे आणि त्यांच्या कहाण्या ऐकण्यासारख्या आहेत. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं महामंदीच्या काळात मोठ्या फळांच्या जातींचा संकर करत, वर्षामागून वर्षं निवड करत एक वाण तयार केलं. त्याची रोपं एकेक डॉलरला विकून त्यानं सहा हजार डॉलरचं घराचं कर्ज फेडलं. ‘मॉर्गेज लिफ्टर’ हे त्या वाणाचं नाव आजही चालतं. ‘चेरोकी पर्पल’ नावाचा जांभळट टोमॅटो 1990 मध्ये टेनेसीतून एका हौशी माणसाकडे टपालानं आला आणि तिथून जगभर गेला. 1975 मध्ये अमेरिकेतच जुनी बियाणी जपणाऱ्यांची ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही संस्था निघाली, तिच्यामुळे अशी शेकडो वाणं वाचली. भाचीनं पाठवलेली ही बियाणी मीही लावली आहेत. माझं मत असं झालं आहे की ती थळसाठी नाहीत. भाकरीएवढ्या पसरट फळाची ती झाडं पिकायला फार वेळ घेतात, आणि पहिलं फळ रंगेपर्यंत इथली थंडी संपते. त्यांतल्याच ‘ब्रँडीवाइन’चं एखादं फळ खाल्लं की त्याची ख्याती पटते. पण एका खोक्याची जागा, माती आणि हंगामभराचं पाणी खर्चून दोन-तीन फळं मिळत असतील, तर ते वाण त्याच्या गावीच शोभतं.

इथे जी टिकतात ती लहान फळांची. उकिरड्यावर आपोआप उगवणारा बोराएवढा गावठी टोमॅटो, ज्याला कुणी लावलेलं नसतं. जुन्नरकडच्या आठवडी बाजारातून आणलेला, फाका पडलेला, आंबट, पातळ सालीचा चपटा टोमॅटो. आणि ‘पुसा रुबी’. हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेलं, ‘सू’ आणि ‘इम्प्रूव्हड मेरुटी’ यांच्या संकरातून निवडत निवडत स्थिर केलेलं सरळ वाण. ते काही पणजीनं जपलेलं बियाणं नव्हे. पण त्याचं बी धरून पेरलं तर पुन्हा तसंच झाड येतं, आणि घरच्या माणसाला पहिली गरज तीच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ‘धनश्री’ही असंच सरळ वाण.

बाजारातल्या टोमॅटोबद्दल मी तक्रार करणार नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतहून निघालेला क्रेट वाशीला उतरतो, तिथून पुन्हा गाडीत चढून अलिबागच्या मंडईत येतो. त्या प्रवासात फुटू नये म्हणून त्याची साल जाड ठेवलेली असते आणि रंग फिरायला लागताच तो तोडलेला असतो. लाखो घरांची भाजी त्यावर होते. पण त्याच्या बेचवपणाचं एक कारण 2012 मध्ये संशोधकांनी जनुकापर्यंत जाऊन शोधलं. जुन्या टोमॅटोंना कच्चेपणी देठाभोवती गडद हिरवा पट्टा असतो. पिकल्यावर सगळीकडून सारखं लाल दिसावं म्हणून गेली कित्येक दशकं तो पट्टा नसलेली झाडं निवडली गेली. पट्टा घालवताना फळात हरितद्रव्य वाढवणारं एक जनुकच निकामी झालं होतं, आणि त्याबरोबर फळ स्वतःच्या अंगात जी थोडी साखर तयार करतं तीही कमी झाली. माझ्या चपट्या टोमॅटोला हा हिरवा पट्टा ठळक आहे. पूर्वी मला तो कच्चेपणा वाटायचा. आता बियाण्याचं फळ निवडताना मी तो आधी बघते.

बियाण्याचं फळ ही गोष्ट मला शेजारच्या वाडीतल्या आत्यांनी शिकवली. त्या टोमॅटो लावत नाहीत. वाल, काकडी, दुधी, पडवळ लावतात आणि सगळ्याचं बी घरचं. काकडीच्या बिया शेणात घोळवून भिंतीला थापून ठेवायची जुनी रीत त्यांच्याकडे होती, भिंत सिमेंटची झाली तशी ती गेली. बाकीचं बी राखेत घोळवून डब्यात. माझ्या खोक्यांपाशी उभं राहून त्या म्हणाल्या, “पयला चांगला फल खावाचा नाय गो, बियाला ठेवाचा.” आपण उलट करतो. हंगामभर चांगली फळं खातो आणि शेवटी उरलेलं किडकं, लहानसं फळ बियाण्याला ठेवतो. म्हणजे नकळत दरवर्षी वाईटातलं निवडत जातो. आत्यांचा नियम शेतीच्या सगळ्या इतिहासाएवढा जुना आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. शाळेत न गेलेल्या या बाईनं डोंगराळ मुलखातली शेकडो देशी वाणं घरात जपली, वाटली आणि पुन्हा शेतात आणली.

टोमॅटोचं बी धरणं अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. झाड निवडायचं, नुसतं फळ नाही. ज्या झाडाला मर लागली नाही, ज्याची पानं पांढऱ्या माशीमुळे आकसली नाहीत, खाऱ्या वाऱ्यात जे उभं राहिलं, त्याच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. फळ झाडावरच पूर्ण, मऊ पडेपर्यंत पिकू द्यायचं. मग ते चिरून गर आणि बिया वाटीत घ्यायच्या, थोडं पाणी घालायचं, फडकं बांधून सावलीत ठेवायचं. प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत पापुद्रा असतो तो फळातच बी रुजू नये म्हणून असतो, आणि आंबवल्याशिवाय तो सहज सुटत नाही. कोकणच्या हवेत दोन दिवस पुरतात. वर पांढरी साय आली, आंबूस वास आला की भरपूर पाण्यात ढवळायचं. चांगलं बी तळाशी बसतं, पोचट वर येतं. गाळून, मातीच्या परळात किंवा केळीच्या पानावर पसरून सावलीत वाळवायचं. कागदावर पसरू नये, बी चिकटून बसतं.

वाळवणं हे आमच्याकडचं खरं कसब. बियाण्यातली ओल एका टक्क्यानं उतरली की त्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, असा बियाणेशास्त्राचा एक जुना ठोकताळा आहे. देशावर डब्यात टाकलेलं टोमॅटोचं बी चार-पाच वर्षं सहज उगवतं. थळच्या आषाढात तेच बी एका पावसाळ्यात मुकं होऊ शकतं. म्हणून बरणीच्या तळाला कडकडीत भाजलेले तांदूळ घालायचे, वर कागदी पुडीत बी, आणि झाकण घट्ट. तांदूळ ओल ओढून घेतात. श्रावणात एकदा ते तांदूळ बदलले तरी पुरतं.

अलिबागचा पांढरा कांदा बघितला की या सगळ्या खटाटोपाचं मोल लक्षात येतं. कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव, तळवली, वाडगाव या गावांत भात काढल्यावर त्याच जमिनीत तो लावतात, पात वेणीसारखी गुंफून माळा करतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि सगळीकडे त्याचं नाव झालं. पण त्याच्या आधीच्या कित्येक पिढ्यांत दरवर्षी कुणीतरी चांगले कांदे विकायचे सोडून बियाण्याला ठेवले, पुन्हा लावले, त्यांना फुलं येऊ दिली. मानांकनाचा कागद त्यानंतरचा. कांद्याचं फूल मधमाश्यांच्या मदतीनं दुसऱ्या झाडाशी जुळतं, त्यामुळे वाण टिकायला शेतभर कांदा लागतो, गावानं मिळून ते काम करावं लागतं. टोमॅटोचं तसं नाही. त्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं. एखाद्या जातीची कुक्षी बाहेर डोकावते, तिच्या घोसाला कळी उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधली की झालं. एका अंगणात, पाच-सहा खोक्यांत टोमॅटोचं अख्खं वाण जिवंत राहू शकतं. एवढी मुभा फार थोड्या पिकांत आहे, आणि ती वापरली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कोकणाच्या स्वयंपाकघरात टोमॅटो पाहुणाच होता. पोर्तुगीज 1521 पासून जवळच्या चौलला होते, 1740 पर्यंत राहिले. त्यांच्या जहाजांबरोबर या किनाऱ्यावर मिरची, काजू, अननस, पपई अशी अमेरिकेतली कितीतरी पिकं उतरली आणि आपण ती घरची करून टाकली. टोमॅटोला मात्र कालवणात शिरायला वेळ लागला. आंबटाला आमच्याकडे कोकम होतं, चिंच होती, कैरी होती, बिंबळं होती. आजही बांगड्याच्या कालवणात टोमॅटो घातलेला मला आवडत नाही. पण ओल्या खोबऱ्याच्या दुधातलं टोमॅटोचं सार, कच्च्या हिरव्या टोमॅटोची तीळकूट घातलेली चटणी आणि जवळा परतताना शेवटी घातलेले ते बोराएवढे गावठी टोमॅटो, या तीन गोष्टींसाठी चपट्या आणि गावठी टोमॅटोला पर्याय नाही. जाड सालीच्या टोमॅटोचं सार गोडुस होतं, त्यात आमसूल टाकावं लागतं.

एक गोष्ट आत्यांनी न सांगताही कळत गेली. बी एकाच घरात ठेवू नये. वादळ, उंदीर, बुरशी, किंवा नुसतं घरातल्या माणसाचं आजारपण, एवढ्यानंही वाण संपू शकतं. आपल्या देशाच्या 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे. वापरला नाही तर तो हक्क कागदावरच राहतो. थळचं बी आज नवगावात एका अंगणात आहे, किहीमला एका घरात आहे, आणि ठाण्याच्या एका बाल्कनीतही रुजलं आहे.

या दिवाळीनंतर तुमच्या कुंडीत टोमॅटो फळला, तर निरोगी झाडाला दोरा बांधा आणि त्याचं पहिलं चांगलं फळ राखून ठेवा. पुडीवर वाण, गाव आणि साल लिहा. पुड्या दोन करा, एक शेजारी द्या.